सातशेच्या आत

सोळाशे बहात्तर. मोटारीच्या पाटीवर चौदाशे चाळीस कोरलेलं, आणि माझ्या साबणदाणीच्या खिडकीत सोळाशे बहात्तर. मी चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला. आकडा तिथंच. ही मोटार रिकामी फिरवली तर चौदाशे नव्वदपर्यंत जाते, पंधराशे ती जन्मात ओलांडत नाही, तिला येणाऱ्या विजेचा तसा हिशेबच असतो. अमरावतीच्या या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मी सोळा वर्षं हेच सांगत आले आहे, दरवर्षी नव्या वर्गाला, आणि दरवर्षी नवा वर्ग जांभया देतो. तेव्हा मोटार खोटं बोलत नव्हती. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, प्रॅक्टिकलला अजून कोणी आलेलं नाही, खिडकीतून ऑक्टोबरचं ऊन थेट टेबलावर, आणि डोकं कालपासून ठणकतंय. वाटलं, जाऊ दे, बॅटरी उतरली असेल, बंद करून टाकावं. पण बॅटरी सकाळीच नवी घातली होती. थकलेल्या माणसाला एवढीही सवलत मिळत नाही.

साबणदाणी म्हणजे मी घरी केलेला टॅकोमीटर. चाक मिनिटाला किती फेरे घेतं ते मोजायचं यंत्र, दुसरं काही नाही. प्रवासाला नेतात ती झाकणाची गुलाबी साबणदाणी, तिच्यात बोटाएवढं मायक्रोकंट्रोलरचं बोर्ड, पुढे एक डोळा, तो न दिसणारा प्रकाश टाकतो आणि परत आलेला टिपतो, वर दोन ओळींचा डिस्प्ले. सगळं मिळून साडेसहाशेत झालं. बाजारातलं मागवायचं म्हटलं तर आमचं ऑफिस तीन कोटेशनं मागतं आणि तेवढ्यात वर्ष संपतं. काळ्या चाकावर पांढऱ्या टेपचा एक तुकडा चिकटवायचा. तुकडा डोळ्यासमोरून गेला की प्रकाश परततो आणि बोर्ड एक मोजतं. एक तुकडा, एक फेरा. इतकं सोपं की आईला एकदा सांगितलं तर ती लगेच म्हणाली होती, "म्हंजे जात्याचे फेरे मोजल्यावानी."

मोटार बंद केली आणि वाकून पाहिलं. काळ्या चकतीवर माझी पांढरी टेप होती, आणि पलीकडच्या अंगाला कुंकवाचं एक बोट उमटलेलं. आमची लॅब अटेंडंट रागिणी झाडू घेऊन दारात उभी होती. "अवं मॅडम, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी पूजा नाई का केली? साऱ्या मशिनीले लावलं. तुमच्या त्या डबीलेही लावणार होती, मंग म्हटलं, तुमाले चालते का नाई." चालते, मी म्हणाले. तिला बिचारीला काय ठाऊक. मी लॅपटॉप उघडला. प्रोग्राममध्ये दहा मोजण्यांची सरासरी काढायची एक ओळ मीच घातली होती, आकडा उड्या मारू नये, जरा भारदस्त दिसावा म्हणून. ती ओळ काढली आणि मोटार परत चालू केली. चौदाशे नव्वद, चौदाशे नव्वद, मध्येच बावीसशे, परत चौदाशे नव्वद, मग एकदम अडीच हजार. ते बोट डोळ्याच्या नेमकं समोरून जात नव्हतं, कडेकडेनं जात होतं, म्हणून कधी मोजलं जायचं, कधी सुटायचं. आणि माझी सरासरी या सगळ्या उड्या पोटात घालून एक शांत, सभ्य आकडा बाहेर काढून द्यायची. कुंकवावर काळी टेप लावली. चौदाशे नव्वद. मग तो आकडा हललाच नाही. मी स्टुलावर बसले. "बरं नाई का वाटून राह्यलं, मॅडम?" रागिणी म्हणाली. मी म्हटलं, ऊन फार आहे. मला अकोल्याची दालमिल दिसत होती, मार्च महिन्यातली, आणि तिथल्या रोलची काळी पुली.

माझे बाबा, पंजाबराव, त्या दालमिलमध्ये एकतीस वर्षं मिस्त्री होते. तुरीची साल काढायला एक दगडी रोल असतो. तो फार जोरात फिरला की डाळीची चुरी होते, हळू फिरला की साल तशीच राहते. बाबा त्याचा वेग कानानं सांगायचे. मिलच्या फाटकातून आत येता येता, सायकल भिंतीला टेकवायच्या आधी, "आज सातशेच्या आत हाय, चालू द्या," नाहीतर "चढला वाटते, पट्टा पाहा." लहानपणी मला हे सगळ्यांच्याच बापाला येतं असं वाटायचं. घरी पीठ दळून आणलं की ते गिरणीवाल्याचा पट्टा ढिला झालाय हे रस्त्यावरून ऐकून सांगायचे, आणि आई म्हणायची, "आता त्या गिरणीवाल्याच्या संसारात नका पडू." या मार्चमध्ये मिलमध्ये चुरी जास्त पडायला लागली. बाबा म्हणाले, रोल सातशेच्या आत आहे, त्याचा दोष नाही, तूर कडक वाळलीय, साल सुटायला लावतात ते तेलपाणी नीट लागलं नाही तिला. मालक विपुलशेठ माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, पुण्याला शिकून आलेला, बोलायला अगदी गोड. तो म्हणाला, काका, कानावर किती दिवस चालवायचं? आणि बाबांनीच, हेच मला गिळता येत नाही, बाबांनीच मान ताठ करून सांगितलं, "हातच्या काकणाले आरसा कायले? पण तुमची खात्री नसन त माही पोरगी मोजून देईन. इंजिनेर हाय ते." रात्रीच्या जेवणाआधी फोन आला आणि आठवडाभर मी हे खेळणं बनवत बसले. मी इंजिनिअर नाही, लॅब असिस्टंट आहे, डिप्लोमावाली. हे बाबांना सोळा वर्षांत कोणी सांगितलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

मिलमध्ये त्या दिवशी तुरीचं भुसं इतकं उडत होतं की साबणदाणीचा डोळा आंधळा झाला. पांढरी टेपसुद्धा त्याला धड दिसेना. तेव्हा मी त्याच्या पाठीमागचा निळा स्क्रू पिळून त्याची नजर वाढवली, अंधुक खूणही त्याला दिसावी म्हणून. भिंतीला पाठ लावून विपुलशेठ उभा, चार हमाल उभे, बाबा पुलीजवळ. मी टेप चिकटवत होते तेव्हा बाबा वाकून हळूच म्हणाले, "पौर्णिमा, तठी कुंकू हाय." आणि मी मान वर न करता म्हणाले, "असू द्या ना बाबा ते. त्यानं काय होते?" असं म्हणाले मी. आवाजात वैताग होता, तोही आठवतो.

तो वैताग कुठला, ते मला अकोल्याच्या एसटीत बसल्यावर आठवलं, अमरावती सोडून बडनेऱ्याच्या पुलाशी गाडी रखडली तेव्हा. प्रॅक्टिकल मी पुढे ढकललं होतं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, पर्समध्ये साबणदाणी. आमच्या घरी दसऱ्याला मशिनींना कुंकू लागत नाही. बाबा त्या दिवशी पांढरा सदरा घालून नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, मिलही बंद असते. परत कामावर गेले की पुलीवर ताजं बोट उमटलेलं असायचं. विपुलशेठची आई, कौशल्याबाई, तेलात कालवून लावायची, तसं वर्षभर टिकतं म्हणून. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असताना मी एकदा डबा घेऊन गेले तर बाबा घासलेटच्या फडक्यानं पुली पुसत होते, आणि कुंकवाच्या बोटाला वळसा घालून पुसत होते. एवढा एक ठिपका सोडून सगळी पुली लख्ख. मी भडकलेच. एकोणीस वर्षांची होते, नुकतीच चार पुस्तकं वाचली होती, जग एका फडक्यात पुसून काढावंसं वाटायचं. म्हटलं, तुम्ही हे राखून ठेवता? तुम्ही? बाबा म्हणाले, "आपुन लावत नाही. कोणं लावलं त पुसतबी नाही. त्या म्हातारीचा जीव हाय त्यात, आपलं काय जाते?" मी म्हटलं, सगळंच तर गेलंय असंच करून करून. आठ दिवस आम्ही बोललो नाही. नंतर बोललो, पण कुंकवाचा विषय घरात परत कोणी काढला नाही, वीस वर्षं. म्हणून मार्चमध्ये, मालकासमोर, चार हमालांसमोर ते जेव्हा म्हणाले की तिथं कुंकू आहे, तेव्हा मला वाटलं ते मला बजावताहेत. पोरी, पुसू नको, वाद नको. ते मला फक्त सांगत होते की तिथं आणखी एक खूण आहे, चकाकणारी, आणि तुझा डोळा ती पाहील. साधी मिस्त्रीची गोष्ट सांगत होते. बाजूला बसलेल्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं, म्हणजे मी बहुतेक काहीतरी मोठ्यानं बोलले असणार. ऐकू मला आलं नव्हतं, आणि ऐकायचं मशीन मात्र पुढे मी त्यांच्या कानात घालून दिलं होतं.

सातशे चौऱ्याण्णव, त्या दिवशी मिलमध्ये साबणदाणीनं सांगितलं. शांतपणे, अजिबात न हलता. विपुलशेठनं आकडा पाहिला, फोटो काढला आणि काही बोलला नाही, हे त्याचं गोड वागणं. बाबा रोलकडे कान करून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे पाहिलं, मग डिस्प्लेकडे. म्हणाले, "हाव, असन." एवढंच. दुसऱ्या दिवशी मोटारीची पुली बदलून रोल हळू केला, आठवडाभरात डाळीला साल राहायला लागली, आणि तिचंही खापर बाबांच्याच जोडणीवर फुटलं. एप्रिलमध्ये शाल, नारळ, हार, फोटो. "काका, आता आराम करा." आणि मी, खोटं कशाला बोलू, त्या मार्चच्या दिवशी परतीच्या गाडीत मला आनंद झाला होता. माझ्या हातचं यंत्र एका खऱ्या कारखान्यात चाललं होतं. लॅबमध्ये सोळा वर्षं दुसऱ्यांची प्रॅक्टिकलं मांडून देणाऱ्या बाईला असा आनंद कधी होतो? मी मूर्तिजापूरला उतरून चहासुद्धा प्यायले होते.

आता तेच मूर्तिजापूर आलं. गाडी स्टँडवर थांबली, पण माझा उठायचा जीव झाला नाही. विपुलशेठला फोन लावला. काय सांगणार होते कोणास ठाऊक. "बोला ताई," तो म्हणाला, "काका बरे आहेत ना?" मी म्हटलं, मार्चमध्ये मी रोलचा वेग मोजला होता, तो चुकला होता, पुलीवरचं कुंकूही मोजलं जात होतं, बाबा बरोबर होते, रोल सातशेच्या आतच होता. पलीकडे कोणीतरी ट्रक मागे घेत होतं. "अच्छा?" तो म्हणाला. "अहो ताई, तो रोल तर गणपतीतच काढला आम्ही. नवीन मशीन आलं, पॅनेलवरच सगळं दिसतं आता." मी विचारलं, जुन्या रोलचं काय केलं? "भंगारात गेला. पण बरं झालं सांगितलं तुम्ही. काकांना नमस्कार सांगा माझा." त्याला मी दोष देत नाही. त्याच्यासाठी ती गोष्ट संपलेली होती, आणि तो बिचारा तरी किती काळ सांभाळणार. बाहेर कपाशी फुटलेली, तूर कंबरेएवढी, ऊन उतरायचं नाव नाही.

आमच्यासाठी ती संपलेली नव्हती, ती तर दर रविवारी मला घरात दिसायची. एप्रिलपासून बाबांनी स्वतःच्या कानावरचा विश्वास काढून घेतला. कुकरची शिट्टी झाली की आईला विचारायचे, "सुंदरा, झाली का शिट्टी?" ऐकू आलेली असायची, तरी विचारायचे. दारावर कोणी हाक मारली तर आधी आमच्याकडे बघायचे, आम्ही हललो तर मग उठायचे. गिरणीवरून जाताना मान खाली. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान चांगले आहेत, थोडं कमी आहे इतकंच. त्या थोड्याला धरून मी हट्टानं कानाचं मशीन घेतलं. आईनं मागच्या महिन्यात मोरीशी भांडी घासता घासता मला सांगितलं, "तू येणार असली का घालतेत ते मशीन. तू गेली का डबीत. त्याच्यानं डोक्यात नुसती घरघर होते म्हणतेत, पण पोरीनं हौसेनं आणलं." हे ऐकून मी काय केलं? काही नाही. मशीनचा आवाज कमी करून देते म्हणाले आणि विसरले.

घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. आई दारात म्हणाली, "अवो, आज कशी काय? बुधवारी?" आणि बाबा, मी पाहिलं, भिंतीकडे वळून घाईघाईनं मशीन कानात घालत होते. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याला वारा फारसा नव्हता. मी पाणीसुद्धा न पिता सांगायला सुरुवात केली. लॅबमधली मोटार, रागिणी, कुंकू, सरासरीची ओळ, निळा स्क्रू. आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली. मी म्हटलं, बाबा, तुमचा कान बरोबर होता, माझं यंत्र चुकलं. मी चुकले.  बाबांनी हात गुडघ्यावर ठेवले. मग म्हणाले, "मी सांगतलं व्हतं तुले. तठी कुंकू हाय म्हणून."

"मग परत का नाही सांगितलं, बाबा? जोरात का नाही बोललात?"

"एकडाव सांगतलं. तू म्हणली, त्यानं काय होते." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू शिकेल हाय. मले वाटलं, तू त्याचाबी हिशेब धरला असन. म्हटलं, एवढं धरूनबी चौऱ्याण्णव म्हणते त मंग माहाच कान गेला."

हे मी ऐकलं. या वेळी नीट ऐकलं. आई हळूच आत गेली, चहाचं भांडं वाजलं. ते कधी वाजलं हे आज त्यांनी कोणाला विचारलं नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं. मला रडू येत होतं, पण रडून पुन्हा माझंच कौतुक झालं असतं, आणि आमच्या घरात पोरीच्या रडण्याला फार भाव आहे. मी पर्स उघडली. काहीतरी करायला हवं होतं. आता मला यंत्र कसं चुकतं ते कळलं होतं, म्हणजे ते आता खरं सांगणार होतं, आणि ते खरं मी त्यांच्या पदरात घालणार होते. पंखा बंद केला, स्टुलावर चढले, एका पात्याला पांढरी टेप लावली, बाकीची दोन ओल्या फडक्यानं पुसली, सगळीकडून पाहिलं, उतरून पंखा चालू केला, परत वर चढले. साबणदाणी वर धरली, डिस्प्ले माझ्याकडे, तळहाताआड. स्टूल डुगडुगत होतं.

"सांगा बाबा, किती?"

ते वर बघत राहिले. पंख्याकडे नाही, माझ्याकडे.

"तूच पाह्य ना. तुह्या हातातच हाय ते."

"आधी तुम्ही सांगा. मग मी बघते. बघा, जुळेल."

"तवाबी तू त्यालेच इचारलं," ते म्हणाले. आवाज चढला नाही, उलट उतरलेला, दिवसभर माल उतरवून बसलेल्या माणसाचा. "आजबी त्यालेच इचारून राह्यली. मी खरा का खोटा, हे ते साबणदाणी सांगन काय, पोरी? अन् उद्या ते अजून चुकलं त?"

 मी स्टुलावरून पाय खाली ठेवला. चाळीस वर्षांची होत आले, एवढ्या आकड्यांनी माझी पाठ वाकली, आणि ह्या माणसानं एकतीस वर्षं एकही आकडा कुठं लिहून ठेवला नव्हता. मी साबणदाणीचं झाकण काढलं आणि बॅटरी उपसून टेबलावर ठेवली. डिस्प्ले विझला. त्यावर काय उमटलं होतं ते मी पाहिलं नव्हतं. मग त्यांच्यासमोर फरशीवर बसले, डबा घेऊन गेले की मिलमध्ये पोत्यांवर बसायचे तशी, आणि विचारलं, "बाबा, किती?"

बाबांनी डोळे मिटले. मग परत उघडले, हात वर नेला, कानातलं मशीन काढलं, त्याचं बटण दाबून बंद केलं आणि माझ्या बॅटरीशेजारी ठेवलं. परत डोळे मिटले. मान थोडी उजवीकडे झुकली, फाटकातून सायकल आत आणताना झुकायची तशी. आत आई चहा गाळत होती, तीही थांबली.  मला भीती वाटली की ते काहीच म्हणणार नाहीत, किंवा मला बरं वाटावं म्हणून काहीतरी म्हणतील.

"तीनशे," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही. तीनशेच्या आत. उन्हाळ्यापासूनच उतरेल हाय. कंडेन्सर गेला त्याचा."

"मग इतके दिवस बोलले काहून नाही?" आई आतून म्हणाली.

 टेबलावरची बॅटरी तशीच राहू दिली आणि मी चपला घातल्या. कोपऱ्यावरचं विजेच्या सामानाचं दुकान सातपर्यंत उघडं असतं.